मारखा खोऱ्याचा ट्रेक आणि लडाखमधले मठ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा ट्रेक नेमका कुठून कुठे जातो?

लेहच्या दक्षिणेला स्तोकची डोंगररांग आहे. तिच्या पलीकडे मारखा नदीचं खोरं आहे आणि त्याचा बहुतेक भाग हेमिस राष्ट्रीय उद्यानात येतो. लेहहून गाडीने निम्मूला जायचं. तिथे सिंधू आणि झंस्कारचा संगम दिसतो. पुढे झंस्कारच्या काठाने चिलिंगला पोहोचायचं. चिलिंग हे तांबटांचं गाव आहे. लेहजवळच्या शे गावातली बुद्धमूर्ती घडवण्यासाठी नेपाळहून आणलेल्या कारागिरांचे हे वंशज, असं तिथे सांगतात. नदी ओलांडली की स्क्यू येतं आणि तिथून मारखा नदीच्या उगमाकडे चालत जायचं : सारा, मारखा, हांकर, थाचुंगत्से, निमालिंग. शेवटी सुमारे ५,२५० मीटरवरची कोंगमारू ला ही खिंड ओलांडून शांग सुमदोला उतरायचं. तिथे गाडी उभी असते.

जुना मार्ग स्पितुक-झिंगचेनवरून, सुमारे ४,९०० मीटरवरच्या गांडा ला खिंडीतून स्क्यूला येतो. तो जास्त सुंदर आहे, पण त्याला दोन-तीन दिवस जास्त लागतात आणि पहिली मोठी खिंड फार लवकर येते. स्क्यूच्या पुढे रस्त्याचं काम सरकत चाललं आहे, त्यामुळे चालायला सुरुवात कुठून करायची हे त्या हंगामात ठरतं.

एकूण किती दिवस लागतात?

लेह ते लेह १२ दिवस धरा. पहिल्या दिवशी विमानातून उतरून फक्त आराम. दुसऱ्या दिवशी लेह शहर, तिसऱ्या दिवशी शे, ठिकसे आणि हेमिस, चौथ्या दिवशी लिकिर आणि आल्ची इथले मठ. पाचव्या दिवशी गाडीने स्क्यू. सहाव्या दिवशी मारखा गाव. हा सगळ्यात लांब टप्पा, साधारण २० किलोमीटरचा, पण चढ सौम्य आहे. सातव्या दिवशी हांकर, आठव्या दिवशी थाचुंगत्से, नवव्या दिवशी निमालिंग, दहाव्या दिवशी खिंड ओलांडून लेह. अकरावा दिवस राखीव आणि बाराव्या दिवशी परतीचं विमान.

राखीव दिवस चैनीचा नाही. लेहची विमानं बहुतेक सकाळीच उडतात, कारण दुपारी दरीत वारा सुटतो. एक सकाळ ढगाळ निघाली की त्या दिवसाची उड्डाणं रद्द होतात.

मठ बघण्याचे दिवस कमी करून ट्रेक लवकर सुरू करता येईल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर स्पष्ट नाही असं आहे. लोक हे दिवस ‘साइटसीइंग’ समजतात. खरं तर ट्रेकची निम्मी तयारी त्याच दिवसांत होते.

लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा ऑक्सिजन, मुंबईच्या जवळपास दोन तृतीयांश असतो. खिंडीवर तो निम्म्याच्या आसपास येतो. शरीर यावर पहिला उपाय करतं तो जोरात श्वास घेण्याचा. पण जास्त श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला पुन्हा लगाम घालतो. मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकून हे संतुलन दुरुस्त करतात. त्याला काही दिवस लागतातच, तुम्ही कितीही तंदुरुस्त असा. लेहमध्ये वारंवार लघवीला होणं हे याच दुरुस्तीचं लक्षण आहे.

या काळात शरीराला हलकी हालचाल हवी असते, दमछाक नको असते. मठ याला अगदी योग्य. ठिकसेच्या पायऱ्या चढायच्या, वर तासभर बसायचं, उतरायचं. दुसऱ्या दिवशी आल्चीला जायचं, जे लेहपेक्षा चारेकशे मीटर खाली आहे. रात्री झोपायला पुन्हा लेह. हे चार दिवस दोनवर आणले की त्याची किंमत निमालिंगला मोजावी लागते, आणि तिथे रस्ता नसतो.

याच कारणासाठी दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ही खिंड नको. गाडीतून ५,३५९ मीटरवर जाऊन फोटो काढणं सोपं वाटतं, पण त्या संध्याकाळी डोकं धरून बसलेली माणसं लेहच्या प्रत्येक गेस्टहाउसात दिसतात.

सह्याद्रीत नेहमी ट्रेक करतो. तेवढं पुरेसं आहे का?

पायांसाठी बरंचसं, फुप्फुसांसाठी नाही. कळसूबाई महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर आहे, १,६४६ मीटरचं. तिथे उंचीचा आजार होत नाही, त्यामुळे आपल्या शरीराचा याबाबतचा स्वभाव आपल्याला माहीतच नसतो. उलट तयारीच्या ट्रेकर्सनाच त्रास लवकर होतो असं चित्र दिसतं, कारण ते भराभर चढतात आणि लक्षणं लपवतात.

तयारी तीन महिने आधी सुरू करा. आठवड्यातून चार दिवस ४५ मिनिटं भरभर चालणं किंवा पळणं, दोन दिवस ७-८ किलोची सॅक घेऊन जिने. महिन्यातून एकदा लागोपाठ दोन दिवस चाला : शनिवारी राजगड, रविवारी तोरणा. दुसऱ्या दिवशी पाय कसे वागतात हे कळणं महत्त्वाचं आहे. उतरण्याचा सराव विसरू नका. शेवटच्या दिवशी कोंगमारू लापासून शांग सुमदोपर्यंत जवळपास १,५०० मीटर उतार आहे, आणि बहुतेकांचे गुडघे तिथेच बोलतात. दोन ट्रेकिंग पोल त्यासाठीच घ्यायचे.

उंचीचा त्रास होतोय हे ओळखायचं कसं? डायमॉक्स घ्यावी का?

डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, भूक नसणं, गरगरणं किंवा विलक्षण थकवा, यातलं एक जरी असेल तरी तो उंचीचा आजार आहे असंच धरून चालायचं. ‘ऊन लागलं असेल’, ‘पित्त झालं असेल’ ही कारणं शोधायची नाहीत. तिथेच थांबायचं, पाणी प्यायचं, वर जायचं नाही. सौम्य त्रास बहुतेकदा २४ तासांत ओसरतो. वाढला तर खाली उतरायचं.

धोक्याची लक्षणं वेगळी आहेत. बसून असतानाही धाप लागणं, सततचा खोकला, गुलाबी फेस येणं म्हणजे फुप्फुसात पाणी होतंय. टाचेला पाऊल लावून सरळ रेषेत चालता न येणं, असंबद्ध बोलणं, सुस्ती म्हणजे मेंदूला सूज येते आहे. दोन्हींत लगेच, रात्रीसुद्धा, खाली उतरवायचं. ऑक्सिजन आणि औषधं उतरण्यासाठी वेळ मिळवून देतात. उतरण्याची जागा घेत नाहीत.

डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, वर सांगितलेली मूत्रपिंडाची दुरुस्ती लवकर करते. प्रतिबंधासाठी प्रौढांना साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येणं आणि सोडा बेचव लागणं हे तिचे नेहमीचे परिणाम. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. एरवीही घरच्या डॉक्टरांशी बोलूनच आणा. झोपेच्या गोळ्या आणि मद्य पहिले काही दिवस पूर्ण बंद, कारण दोन्हींमुळे झोपेत श्वास मंदावतो.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जवळ असू द्या, पण त्याच्या आकड्यावर निर्णय सोडू नका. गार बोटांवर तो चुकतो, आणि लेहला ८८ दाखवणारा माणूस ठणठणीत असू शकतो. माणसाकडे बघा.

हांकरहून थेट निमालिंगला का जात नाही? इतर गट तर जातात.

हांकर सुमारे ३,९८० मीटरवर आहे, निमालिंग ४,८०० च्या आसपास. एका दिवसात झोपण्याची उंची आठशे मीटरने वाढते. ३,००० मीटरच्या वर एका रात्रीत सुमारे ५०० मीटरपेक्षा जास्त वाढ नको, हा जगभर मानला जाणारा नियम आहे. मध्ये थाचुंगत्सेला, साधारण ४,२५० मीटरवर, एक रात्र काढली की चढ बराचसा विभागला जातो.

मग सगळे का थांबत नाहीत? कारण थाचुंगत्सेला गाव नाही, घर नाही. ओढ्याकाठचं कुरण आहे आणि हंगामात चहाचा एखादा पॅराशूटच्या कापडाचा तंबू. तिथे राहायचं तर तंबू आणि स्वयंपाकाचं सामान घोड्यांवरून न्यावं लागतं, खर्च वाढतो आणि एक दिवस जातो. या मार्गावर गट फसतात ते बहुतेक याच ठिकाणी वाचवलेल्या दिवसामुळे.

निमालिंगला कोणी आजारी पडलं तर?

नकाशा पाहिला तर खिंडीपलीकडचा रस्ता जवळचा वाटतो. तरीही आजारी माणसाला कोंगमारू लावरून नेत नाहीत. त्यासाठी आधी साडेचारशे मीटर वर चढावं लागतं, आणि नेमकं तेच त्याला झेपणार नसतं. आलो त्या वाटेने, घोड्यावर बसवून, हांकर-मारखाकडे उतरवायचं. तेवढ्या उताराने पुष्कळदा फरक दिसतो. पुढे गाडीने लेहचं सोनम नोर्बू स्मारक रुग्णालय, जिथल्या डॉक्टरांच्या हाताखालून असे रुग्ण दर उन्हाळ्यात जातात. हेलिकॉप्टर ही शेवटची आशा. हवामान, परवानगी आणि पैसे, तिन्ही जुळावी लागतात. विमा काढताना ५,००० मीटरवरचं ट्रेकिंग आणि सुटका त्यात आहे का, हे पॉलिसीच्या कागदावर वाचून घ्या.

मागे फिरायचं की नाही हा निर्णय गाइडचा असतो. त्यावर मतदान होत नाही.

कोणते मठ पाहतो आणि त्यांत काय पाहायचं?

लडाखात मठाला गोम्पा म्हणतात. सगळे सारखे नाहीत, आणि घाईत पाहिले तर सगळे सारखेच वाटतात. म्हणून दिवसाला तीनपेक्षा जास्त घेत नाही.

लेहमध्ये नऊ मजली राजवाडा आहे, सतराव्या शतकातल्या सेंगे नामग्याल राजाच्या काळचा. शांती स्तूप अलीकडचा : जपानी भिक्खू ग्योम्यो नाकामुरा यांच्या पुढाकाराने बांधलेला, १९९१ मध्ये पूर्ण झालेला. तिथे गाडीने वर जाऊन संध्याकाळ बघा. पाचशेहून जास्त पायऱ्यांचा रस्ता परतीच्या दिवसासाठी ठेवा.

शे ही जुनी राजधानी. तांब्याच्या पत्र्याची, सोन्याचा मुलामा दिलेली शाक्यमुनींची बसलेली मूर्ती इथे आहे. ठिकसे तिबेटी बौद्ध धर्मातल्या गेलुग पंथाचा मठ आहे, टेकडीच्या उतारावर मजल्यांवर मजले चढवलेला. तिथली सुमारे १५ मीटर उंच मैत्रेयाची, म्हणजे भावी बुद्धाची, मूर्ती दोन मजले व्यापते, त्यामुळे आत शिरताच आपण तिच्या चेहऱ्यासमोर असतो. सकाळी सातच्या आत पोहोचलात तर प्रार्थना ऐकायला मिळते. दुंग नावाच्या लांब तुताऱ्या आधी गच्चीवरून वाजतात.

हेमिस द्रुक्पा काग्यू पंथाचा, दरीत आत लपलेला, लडाखमधल्या सर्वांत संपन्न मठांपैकी एक. तिथला त्सेचू उत्सव तिबेटी पंचांगाच्या पाचव्या महिन्याच्या दशमी-एकादशीला, म्हणजे जून-जुलैत येतो. मुखवटे घालून भिक्खू छाम नृत्य करतात. गुरू पद्मसंभवांच्या आठ रूपांचं त्यात दर्शन असतं. दर बारा वर्षांनी, वानर वर्षात, भव्य थांगका, म्हणजे कापडावरचं धार्मिक चित्र, उलगडतात. मागचं वानर वर्ष २०१६ होतं, पुढचं २०२८ आहे.

आल्चीला मात्र पुरेसा वेळ हवा. बहुतेक मठ टेकडीवर, हा सपाटीवर, जर्दाळूच्या झाडांत. अकराव्या-बाराव्या शतकातली काश्मिरी शैलीची चित्रं इथे टिकली आहेत; खुद्द काश्मीरच्या खोऱ्यात अशी फारशी उरलेली नाहीत. सुमत्सेक या तीन मजली मंदिरात अवलोकितेश्वर, मैत्रेय आणि मंजुश्री या बोधिसत्त्वांच्या उभ्या मूर्ती आहेत. त्यांच्या धोतरांवरची चित्रं जवळून पाहा : एकावर राजवाडे आणि तीर्थस्थळं, दुसऱ्यावर बुद्धचरित्र, तिसऱ्यावर सिद्धपुरुष. अजिंठा पाहिलेल्या माणसाला इथे वेगळाच आनंद मिळतो, कारण रेषेतलं नातं ओळखू येतं आणि मधली शतकंही दिसतात. आत फोटो काढता येत नाहीत. छोटी विजेरी न्या, ती भिंतीपासून लांब धरा. आत अंधार असतो.

मठांत वागायचे नियम काय?

स्तूप, मणी-भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत), प्रार्थनाचक्र, सगळं उजव्या हाताला ठेवून जायचं, आपल्या प्रदक्षिणेसारखंच. ट्रेकच्या वाटेवर मणी-भिंती पुष्कळ लागतात. उजवीकडची पायवाट जवळची वाटली तरी डावीकडूनच जा. मंत्र कोरलेला दगड उचलायचा नाही, त्यावर बसायचं नाही, सॅकही टेकवायची नाही.

दालनात जाताना चपला आणि टोपी काढायची. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. मूर्तीकडे किंवा भिक्खूंकडे पाय पसरून बसायचं नाही. प्रार्थना चालू असेल तर भिंतीकडेला बसा. ओळींच्या मधून चालू नका. फ्लॅश कुठेच नाही. दक्षिणा पेटीत टाका.

गोनखांग म्हणजे रक्षक देवतांचं दालन. काही ठिकाणी तिथे स्त्रियांना प्रवेश नसतो, काही ठिकाणी मूर्तींचे चेहरे वर्षभर झाकलेले असतात. स्पितुकच्या वरच्या मंदिराला गाड्यांचे चालक सर्रास ‘काली माता मंदिर’ म्हणतात आणि लोक नारळ घेऊन जातात. मुख्य मूर्ती वज्रभैरव या उग्र बौद्ध देवतेची आहे.

आम्ही महाराष्ट्रातले बौद्ध आहोत. तिथे बुद्धवंदना म्हणता येईल का?

जरूर. प्रार्थनेची वेळ नसेल तेव्हा, दालनातल्या भिक्खूंना विचारून, हळू आवाजात त्रिसरण-पंचशील म्हणायला कोणी अडवत नाही. बाबासाहेबांचं नाव लडाखी लोकांना चांगलं माहीत आहे आणि अशा गटांचं स्वागत मनापासून होतं. मात्र तिथली परंपरा वज्रयान, म्हणजे तिबेटी तांत्रिक बौद्ध परंपरा आहे. तारा, पद्मसंभव, उग्र रक्षक देवता, लोण्याचे दिवे, अवतारी लामा हे सगळं १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेतून आलेल्या माणसाला अनोळखी, कधी खटकणारंही वाटू शकतं. प्रश्न विचारा. ठिकसे-हेमिसला हिंदी बोलणारे भिक्खू भेटतात आणि ते निवांत उत्तरं देतात. लहान मूर्ती किंवा थांगका विकत घेणार असाल तर लेहच्या बाजारातून पावती घेऊनच. जुन्या वस्तू बाहेर नेणं कायद्यात बसत नाही.

कोणता महिना चांगला?

मध्य जून ते मध्य सप्टेंबर. जूनच्या सुरुवातीला खिंडीत बर्फ असू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये बर्फ वितळून नदी दुपारनंतर फुगते, म्हणून पाणी ओलांडायचे टप्पे सकाळी उरकायचे. सकाळी गुडघ्याखाली असलेलं पाणी चार वाजता मांडीपर्यंत येतं. लडाख पर्जन्यछायेत आहे, तरी पाऊस येतच नाही असं नाही. ऑगस्ट २०१० मध्ये लेहमध्ये ढगफुटीने हाहाकार केला होता. पाऊस असेल त्या दिवशी अरुंद घळीत थांबायचं नाही. खिंडीपलीकडचा उतार तशाच घळीतून जातो. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा आम्हाला सर्वांत आवडतो : पाणी कमी, आकाश स्वच्छ, सातूची कापणी चालू.

राहणं आणि जेवण कसं असतं? शाकाहारी मिळेल का?

स्क्यू ते हांकर गावकऱ्यांच्या घरात. जमिनीवर गाद्या, जाड रजया, मधल्या खोलीत चूल आणि पितळी-तांब्याच्या भांड्यांची मांडणी. थाचुंगत्से आणि निमालिंगला तंबू. शाकाहारी जेवण सगळीकडे मिळतं : वरण-भात, भाजी, थुक्पा (शेवया घातलेलं सूप), स्क्यू (कणकेच्या चपट्या तुकड्यांचा भाजी घातलेला रस्सा, गावाचं नावही तेच), सकाळी खंबीर रोटी. लोण्याचा खारट चहा, गुरगुर चा, एकदा तरी प्या. मीठ आणि स्निग्धांश त्या हवेत अंगी लागतात.

निमालिंगला पाणी साधारण ८४ अंशांना उकळतं, त्यामुळे कुकर नसेल तर डाळ शिजत नाही. तिथे भूकही मरते. मेतकूट, चिक्की, खारे दाणे, लिंबाचं लोणचं सोबत असेल तर चार घास जास्त जातात. दिवसाला ३-४ लिटर पाणी प्या, घरातून उकळलेलं घ्या किंवा क्लोरीनच्या गोळ्या वापरा. प्लास्टिकच्या बाटल्या विकत घेत जाऊ नका.

शौचालय, आंघोळ, पाळी?

लडाखी शौचालय कोरडं असतं. वरच्या मजल्यावर भोक, शेजारी मातीचा ढीग. झाल्यावर दोन फावडी माती टाकायची. पुढे त्याचं खत शेतात जातं, म्हणून त्यात ओले वाइप्स, पॅड, प्लास्टिक काहीही नको, आणि पाणी बेताने. आंघोळ ट्रेकमध्ये विसरा. पाळीमुळे ट्रेक अडत नाही. दुहेरी पिशवी न्या आणि पॅड लेहला परत आणा. थंडी आणि उंचीने तारीख मागेपुढे होते, म्हणून सामान घ्याच.

फोन आणि पैसे?

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही, पोस्टपेड लागतं. ट्रेकमध्ये तेही जवळपास बंद असतं, हे घरी आधीच सांगून ठेवा. परदेशातून येणाऱ्या मराठी मंडळींना खास सूचना : सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर परवानगीशिवाय भारतात आणणं गुन्हा आहे आणि विमानतळावर अटक होऊ शकते. ट्रेकच्या वाटेवर एटीएम नाही. रोख लहान नोटांत ठेवा.

कपडे आणि सामान?

निमालिंगला ऑगस्टमध्येही पहाटे शून्याच्या खाली जातं, तर दुपारी मारखाच्या पात्रात ऊन भाजून काढतं. थर हवेत : घाम सुकवणारा आतला, मधला फ्लीस, डाऊन जॅकेट, वर वारा-पाऊस अडवणारं. सुती बनियन आणि जीन्स नको. उणे १० अंशांची स्लीपिंग बॅग, घोट्याला आधार देणारे आधीच वापरून मऊ केलेले बूट, पाणी ओलांडायला पट्ट्याची सँडल, अतिनील किरण अडवणारा गॉगल, एसपीएफ ५० क्रीम. ओठांना आणि नाकपुड्यांना व्हॅसलीन, कारण कोरड्या हवेने नाकातून रक्त येतं. घोड्यावर द्यायची सॅक १० किलोच्या आत ठेवा. पाठीवरच्या पिशवीत पाणी, जॅकेट, औषधं स्वतःजवळ. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच.

हिमबिबट्या दिसेल का?

उन्हाळ्यात जवळजवळ नाही. भरलांच्या (डोंगरी निळ्या मेंढ्यांच्या) मागे तो उंच सुळक्यांत असतो. त्यासाठी हिवाळ्यात रुंबाकला येतात. या ट्रेकमध्ये भरल, मर्मोट, आकाशात लॅमरगायर गिधाड हमखास, आणि निमालिंगच्या कुरणात उन्हाळ्यासाठी आणलेले याक, झो (याक-गाईचा संकर) आणि मेंढ्या, मागे सुमारे ६,४०० मीटरचं कांग यात्से शिखर.

मधुमेह, रक्तदाब, वय साठच्या पुढे?

वय अडथळा नाही, अनियंत्रित आजार आहे. रक्तदाब गोळ्यांनी स्थिर असेल तर डॉक्टरांच्या लेखी संमतीने या. इन्सुलिन गोठू देऊ नका, रात्री स्लीपिंग बॅगेत ठेवा. थंडीत ग्लुकोमीटर चुकीचा आकडा दाखवतो, आधी तो खिशात गरम करा. अँजिओप्लास्टी अलीकडे झाली असेल, दमा वारंवार उसळत असेल किंवा पूर्वी उंचीवर फुप्फुसात पाणी झालं असेल, तर फक्त मठांचा कार्यक्रम घ्या. तोही भरगच्च आहे.

पैसे भरण्याआधी आयोजकाला काय विचारावं?

आकड्यापेक्षा त्यात काय आहे ते विचारा. लेहमध्ये ट्रेकआधी किती रात्री आहेत? थाचुंगत्सेला मुक्काम आहे का? गाइड स्थानिक आणि नोंदणीकृत आहे का, किती जणांमागे एक? ऑक्सिजन सिलिंडर सोबत असतो की लेहच्या ऑफिसात? आजारी माणसाला खाली नेताना त्याच्यासोबत कोण जातं, आणि उरलेला गट गाइडशिवाय राहतो का? रिकामा घोडा ठेवला आहे का? राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क, घोडेवाल्याचं परतीचं भाडं आणि विमान चुकल्यास जादा रात्रीचा खर्च कोणाचा? घरमालकिणीला प्रति माणशी किती दिले जातात? ही उत्तरं लेखी घ्या, आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर तीनपेक्षा कमी आलं तर दुसरा आयोजक शोधा.